पाठीवरची बटणं

पावसात भिजण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे ते गृहस्थ उभा जन्म पावसात हिंडले, तेही मोटारसायकलवरून, आणि भिजले नाहीत. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं, आणि ते कुठलंही म्हणणं पुराव्याशिवाय मांडत नसत.

ते माझे घरमालक. चिंचवडगावातल्या त्यांच्या घरावर पत्र्याची एक खोली चढवलेली होती, तीत मी बरीच वर्षं राहिलो. माझी शाळा चाकणला. चाकणला खोली मिळाली नसती असं नाही, पण पुण्याच्या वाचनालयाचं सभासदत्व सोडवत नव्हतं, आणि चिंचवडहून रविवारी गाडीने जाऊन पुस्तकं बदलून आणता येत. घरमालक खेडच्या कचेरीत मोजणीदार होते, जमिनी मोजणारे. गावाचं नाव सरकारी कागदावर राजगुरुनगर होतं. ते बोलताना खेड म्हणत आणि लिहिताना न चुकता राजगुरुनगर लिहीत. बोलण्यात सवय चालते, लिहिण्यात चालत नाही, असा त्यांचा नियम.

त्यांची मोटारसायकल देहूरोडच्या लष्करी लिलावातली. तिच्या मागच्या सीटवर बसून मी रोज चाकणपर्यंत जायचो. मला बाजाराजवळ उतरवून ते पुढे खेडला जात. त्यांना मी काका म्हणायचो, ते मला मास्तर म्हणत. आजूबाजूच्या खेड्यांत त्यांना मोजणीसाहेब म्हणत, आणि ते म्हणताना लोक जरा बाजूला बघत. भोसरी, पिंपरी, आकुर्डीकडच्या शेतांत कारखाने यायचे ठरले तेव्हा त्या शेतांतून मोजणीची साखळी फिरवणाऱ्यांत ते होते. साखळी गेली की मागून नोटीस येते हे लोकांना ठाऊक झालं होतं.

तर रेनकोट. तो पुण्याच्या जुन्या बाजारातला, खाकी, लष्करी, आतून रबर लावलेला होता. इतका जड, की टांगला की भिंतीतली खुंटी हलायची. हा कोट ते उलटा घालत. उलटा म्हणजे आतली बाजू बाहेर नव्हे. कोटाची पाठ पुढे आणि बटणं पाठीवर, तान्ह्या मुलाला झबलं घालतात तसा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गडबडीत चुकलं असावं.

"काका, कोट उलटा झाला."

"सुलटाच आहे," ते म्हणाले. "मास्तर, चालणाऱ्याला पाऊस वरून लागतो. गाडीवरच्याला समोरून लागतो. हे कोट शिवणाऱ्याला माहीत नव्हतं. दोन बटणांच्या मधून पाणी आत शिरतं, आणि मग साचतं कुठे?"

"कुठे?"

"मांडीत. बसलेल्या माणसाच्या मांडीत तळं होतं. बाकी सगळा कोरडा आणि नेमका तिथे ओला. असा माणूस कचेरीत गेला तर त्याला कोण मान देणार?"

हे त्यांनी जराही न हसता सांगितलं. त्यांची अशी पुष्कळ मतं होती आणि ती सगळी पावसाळ्यापुरती होती. छत्री हे उभ्या माणसाचं अवजार आहे. पँट बुटात खोचणारा बुटात पाणी भरायला निघालेला असतो. पावसात गाडी जोरात हाणणारा घरी लवकर पोचतो, पण दुप्पट भिजून पोचतो. गमबुटांच्या तोंडावर ते ट्रकच्या जुन्या ट्यूबची गुंडाळी चढवीत. मनगटावर सायकलच्या ट्यूबच्या चकत्या. गळ्याभोवती पंचा, डोक्याला मेणकापडाची टोपी. रुमाल साबणाच्या डबीत. चष्म्याच्या काचांवर अर्धा कापलेला बटाटा घासत, म्हणजे थेंब काचेवर ठरत नाही. हा बटाटा चाकणच्या बाजारातलाच हवा, तळेगावचा चिकट असतो, असं ते म्हणत. दोन बटाट्यांत मला कधी फरक दिसला नाही, पण मी वाद घातला नाही.

माझ्यासाठी त्यांनी खताची प्लास्टिकची पिशवी शोधून काढली होती. तिला गळ्याला एक आणि हातांना दोन भोकं. ती घालून मी शाळेच्या फाटकात उतरलो की पोरं म्हणायची, "सर पेरायला निघाले." मी ऐकलं नसल्यासारखं करायचो. पण एक खरं, खांद्यापासून कमरेपर्यंत मी कोरडा असायचो आणि पिशवीतली पुस्तकंही.

पुराव्याचं म्हणालो, तो टिपकागदाचा. सकाळी निघताना ते टिपकागदाचे तुकडे अंगावर ठेवत. एक शर्टाच्या छातीच्या खिशात, एक पाठीमागे बनियनच्या आत, दोन गुडघ्यांवर. चाकणला चहाच्या टपरीशी गाडी थांबली की कोटाच्या गळ्यातून हात घालून छातीवरचा तुकडा काढत आणि उजेडाकडे धरत. बाकीचे खेडला कचेरीत शिपाई कोट सोडवायचा तेव्हा बघत. टिपकागदावर पाण्याचा ठिपका कधीच लपत नाही. डाग नसला की कागद परत खिशात जाई आणि चेहऱ्यावर काहीच दिसत नसे. डाग असला तर दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात कोटाच्या शिवणीवर रबराचं सोल्यूशन लावणं चाललेलं असे.

आता उलट्या कोटाची अडचण कुणाच्याही ध्यानात येईल. पाठीवरची बटणं आपली आपल्याला लावता येत नाहीत.

ती काकू लावायच्या. सकाळी काका ओसरीवर येऊन दाराकडे पाठ करून उभे राहत, हात अंगापासून जरा लांब धरून. काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येत. खालच्या बटणापासून सुरुवात, मग एकेक वर. काका उंच होते आणि काकू त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. त्यामुळे मानेजवळच्या बटणाशी आल्या की बोटाचं पेर त्यांच्या खांद्यावर टकटक वाजवत. काका गुडघ्यांत वाकत. बटण लागलं की काकू कोट खालून एकदा ओढून बघत, पोत्याला टाका घातल्यावर ओढतात तसा, आणि आत जात. या सगळ्यात एक शब्द होत नसे.

शब्द एरवीही होत नसे. मी राहायला गेलो तेव्हा त्यांच्या अबोल्याला वर्षं लोटली होती. मला ते पहिल्या आठवड्यातच समजलं, कारण माझ्या येण्याने त्यांची मोठी सोय झाली होती.

"मास्तर," काकू माझ्याकडे बघून म्हणायच्या, "मोजणीदारांस्नी सांगा, राकेल संपलंय."

काका दोन हातांच्या अंतरावर पेपर वाचत बसलेले.

"मास्तर, तुमच्या काकूंना सांगा, संध्याकाळी आणतो."

"म्हणावं, कालबी संध्याकाळ झाली व्हती."

सुरुवातीला मी हे निरोप खरोखरच इकडून तिकडे बोलून दाखवायचो. मग लक्षात आलं की मी बोलायची गरज नाही, नुसतं तिथे असलं की पुरे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी लातूरकडे जायचो. तेव्हा कसं भागवता, असं एकदा काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मांजरीला सांगतो की. ती तुमच्यापरीस हुशार हाय, मधी मधी करीत न्हाई."

एका सकाळी पाऊस फार होता, काकूंची भाकरी तव्यावर होती आणि काका पाठ करून उभे होते. मी म्हटलं, "काका, मी लावतो बटणं."

"तुम्ही एखादं चुकवाल."

"नाही चुकवणार."

"मग घाईने लावाल."

मी बाजूला झालो. आतून भाकरी करपल्याचा वास आला, मग काकू आल्या. संध्याकाळी परत येताना खेडच्या कचेरीतला शिपाई बटणं लावून द्यायचा, आणि तो हमखास एखादं चुकवायचा. चाकणला ते मला घ्यायला थांबत तेव्हा मला पाठीवर ते दिसायचं. त्याबद्दल काका कधी काही बोलले नाहीत.

अबोल्याचं कारण मला उशिरा कळलं, आणि तेही मोटारसायकल बंद पडली म्हणून.

भोसरीच्या पुढे प्लगमध्ये पाणी गेलं आणि गाडी थांबली. ती ढकलत आम्ही एका कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या पत्र्याखाली आलो. काकांनी साबणाच्या डबीतला रुमाल काढला आणि प्लग पुसायला बसले. या जागेवरून आम्ही रोज जायचो. ते तिथे वेग कमी करत नसत, वाढवतही नसत, मान मात्र सरळ समोर असायची. त्या दिवशी त्यांना तिथेच बसावं लागलं.

"इथे, मास्तर," ते प्लगकडे बघत म्हणाले. "या भिंतीखाली."

"काय?"

"विहीर. तुमच्या काकूंच्या भावाची."

काकूंचं माहेर भोसरीचं हे मला माहीत होतं. पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं, मध्ये प्लग लावून, काढून, पुन्हा लावून. कारखान्यांसाठी जमीन घ्यायची ठरली तेव्हा नकाशावर हद्दीची रेघ वरून आली. मोजणीदाराचं काम ती रेघ जमिनीवर आणून खुंट्या रोवायचं. रेघ मेव्हण्याच्या शेतातून गेली. शेत जाणारच होतं, त्याबद्दल तोही काही बोलला नाही. पण विहीर अगदी कडेला होती. रेघ तिच्या कठड्यावरून गेली.

"तो म्हणाला, दाजी, खुंटी दोन हात अलीकडं रोवा. विहीर वाचंल. कुणाला कळतंय?"

"मग?"

"मी म्हटलं, मला कळतंय."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. प्लग पुन्हा पुसत ते म्हणाले, "क्षेत्र भरावं लागतं, मास्तर. इकडे दोन हात सोडले की पलीकडे दोन हात घ्यावे लागतात. पलीकडे एका बाईचा गोठा होता. तिचा कुणी दाजी मोजणीला नव्हता."

"तुम्ही ते काम दुसऱ्या कुणाला का नाही दिलं?"

"दुसऱ्याने खुंटी हलवली असती."

काकू तेव्हा तिथे बांधावर भाकरी घेऊन आल्या होत्या आणि हे सगळं त्यांनी ऐकलं होतं. भावाने भाऊबीजेला बोलावणं बंद केलं. काकूंनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं. विहीर बुजवली, तिच्यावरून भिंत गेली. काकांनी इतकंच सांगितलं. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी छातीवरचा टिपकागद काढून बघितला. तो कोरडा होता.

त्यांना एकच मुलगी. ती मुंबईला दिलेली. जावई बोटीवर नोकरीला होता, भला माणूस. मुलगी दर दिवाळीला यायची आणि आईला म्हणायची, आई, चल माझ्याकडे. इथे भिंतीशी बोलत किती दिवस काढणार? काकू म्हणत, "पावसाळा झाला की बघू." पावसाळा झाल्यावर दिवाळी यायची, मुलगी यायची, आणि काकू म्हणत, "आता जाऊन काय, लगी पुढला पावसाळा येईल. त्या कोटाचं कोण बघंल?"

मुलीने हे शब्दशः धरलं. त्यात तिची काय चूक? बाप तसाच होता. एका वर्षी ती आणि जावई ऐन आषाढात आले. बरोबर एक मोठं पुडकं होतं. त्यात पावसाचा सूट निघाला, पिवळाधमक. बोटीच्या डेकवर लाटा अंगावर येतात तिथे खलाशी घालतात तो. जाकीट वेगळं, विजार वेगळी, पुढे जाड साखळी, म्हणजे झिप, तिच्यावर झाकण, झाकणावर दाबायची बटणं. टोपी जाकिटालाच जोडलेली.

"नाना, हा आपला आपण घालता येतो," मुलगी म्हणाली. "कुणी लागत नाही."

काकांनी शिवणी उलट्या करून बघितल्या. कापडाचा चिमटा घेतला. साखळी वर-खाली केली. "शिवण आतून चिकटवलेली आहे," ते एवढंच म्हणाले. पण हे ज्या आवाजात म्हणाले त्यावरून मला कळलं की असं काम त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

मुलगी आईकडे वळली. "झालं? आता कोटाचं कारण नाही. परवा आमच्याबरोबर निघायचं. आणि या खेपेला परत यायचं तिकीट काढायचं नाही."

रात्रीच्या जेवणानंतर काकूंनी माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढून घेतली, तीही माझ्याकडूनच. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, मोजणीदारांस्नी सांगा, बरं झालं. सकाळची भाकर आता करपायची न्हाई."

काका पेपर वाचत होते. पेपर सकाळचा होता आणि त्यांनी तो सकाळीच वाचून संपवला होता.

दुसऱ्या दिवशी पाऊस झोडपत होता. काका पिवळा सूट घालून ओसरीवर आले. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. खाकी कोट खुंटीवर होता. काकांनी टिपकागदाचे तुकडे नेहमीच्या जागी ठेवले, साखळी गळ्यापर्यंत ओढली, झाकणाची बटणं दाबली. सवयीने दाराकडे पाठ करून क्षणभर उभे राहिले. मग गाडीला किक मारली.

मोशीपाशी तर समोरचं दिसेना. इंद्रायणीचं पाणी लाल होऊन पुलाच्या कमानीशी आलं होतं. समोरून येणारे ट्रकवाले पिवळ्या माणसाला बघून हॉर्न वाजवत होते. चाकणला टपरीशी थांबलो. टपरीवाला म्हणाला, "मोजणीसाहेब, आज पार हळद लागली की!" बाकावर बसलेले हमाल हसले. काका हसले नाहीत. त्यांनी साखळी खाली ओढली आणि खिशातला कागद काढला. मग कधी नव्हे ते तिथेच जाकीट उतरवून पाठीमागचाही काढला. विजारीत हात घालून गुडघ्यांवरचेही काढले. चारही तुकडे बाकावर ओळीने मांडले.

एकावरही डाग नव्हता. इतक्या पावसातून येऊन असं कधीच झालं नव्हतं. खाकी कोटाला अशा दिवशी पाठीला तरी एखादा ठिपका असायचाच.

चहा आला. तो निवेपर्यंत ते कागदांकडे बघत बसले. मग त्यांनी छातीवरचा तुकडा उचलला, बाकावरच्या पाण्याच्या पेल्यात त्याचा कोपरा बुडवला, पाणी वर चढू दिलं आणि बाहेर काढला. निम्मा कागद काळपट झाला होता. तो त्यांनी घडी न घालता खिशात ठेवला आणि साखळी वर ओढली. मी बघतोय हे त्यांना दिसत होतं.

"गळतो," ते गाडीवर बसताना म्हणाले. "साखळीतून."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी तो कागद स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला. तो अजून दमट होता. वाटेत पुन्हा ओला केला असणार. मुलगी म्हणाली, "असं कसं होईल? बोटीवरचा आहे तो! हे घालून माणसं समुद्रात उभी राहतात."

"समुद्रात उभी राहतात," काका म्हणाले. "मोटारसायकलवर बसत नाहीत."

जावई साखळी बघायला लागला. काकूंनी कागद उचलला, बोटांत धरून पाहिला आणि परत ठेवला. मग काकांचा दोरीवर टाकलेला शर्ट उचलून आत नेला, रोज नेत तसाच. पेटी दाराशी तशीच होती.

सकाळी मी जिन्यावरून उतरत होतो. खाली ओसरीवर काका दाराकडे पाठ करून उभे होते. अंगात खाकी कोट होता आणि तो मागून उघडा होता. ते बराच वेळ तसे उभे असावेत, कारण गाडीवरचं फडकं अंगणात काढून ठेवलेलं होतं आणि सीट भिजत होती. आत मुलीची निघायची तयारी चाललेली ऐकू येत होती.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. खालचं बटण लावलं. मग एकेक वर. मानेजवळ आल्या. मी त्या टकटकीची वाट बघत जिन्यातच थांबलो.

"अवं," काकू म्हणाल्या, "वाका जरा."

काका वाकले. नेहमीपेक्षा जास्त वाकले, इतके की काकूंना हात खाली आणावा लागला. बटण लागलं, कोट ओढून झाला, काकू आत गेल्या. मुलगी आणि जावई त्या दिवशी दोघेच मुंबईला गेले.

त्यानंतर ते दोघं भरभरून बोलायला लागले असं मुळीच नाही. राकेल, दळण, मांजर, एवढंच. पण ते आता सरळ एकमेकांशी बोलत आणि मला वरच्या खोलीत वाचायला वेळ मिळू लागला. पिवळा सूट काकांनी मला दिला. "गळतो तो, पण खताच्या पिशवीपेक्षा बरा," म्हणाले. मी तो पुढे वर्षानुवर्षं वापरला. काका निवृत्त झाले तरी पावसाळ्यात मला चाकणला सोडायला येत. उन्हाळ्यात म्हणत, एसटीने जा, गाडीला विश्रांती हवी. पाऊस सुरू झाला की गाडीची विश्रांती संपायची. त्यांना चाकणला काही काम नसायचं. चहा प्यायचा, एखादा बटाटा घ्यायचा आणि टपरीवाल्याकडून बटणं लावून घेऊन परत जायचं. मी मागे पिवळ्या सुटात बसायचो आणि माझ्या अंगावर कधी थेंब आला नाही. त्यांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

ते यंदा चैत्रात गेले, दुपारच्या झोपेत. भोसरीहून काकूंचा भाऊ आला. तो खूप थकला आहे. चौघांनी नको म्हटलं तरी त्याने खांदा दिला आणि नदीपर्यंत सोडला नाही.

परवा, मृग लागायच्या आधी, मी काकूंकडे गेलो. आता मी चाकणलाच राहतो. काकू अंगणात बसून खाकी कोटाला शंखजिऱ्याची पूड लावत होत्या. रबराला रबर चिकटू नये म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी लावतात तशी. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. मी शेजारी बसलो आणि एक बाही धरली.

"मास्तर, तुमी नेता का ह्यो?"

"माझ्याकडे तो पिवळा आहे, काकू."

"टिकला व्हय अजून?" त्यांनी बाही उलटी केली. "गळत न्हाई ना?"

मी बाहीवर पूड चोळू लागलो. काकांनी सांगितलेलं मोडायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"मला म्हाईत हाय," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी कागद वला व्हता. शर्ट कोरडा. खिसाबी कोरडाच व्हता, परतताना हातात धरून आनला आसंल. सगळ्या जन्माचा मोजणीदार, आन एवढं ध्यानात आलं न्हाई त्यांच्या."

त्या थोडं हसल्या. मग पूड लावत म्हणाल्या, "हिरीच्या वक्ताला खोटं न्हाई जमलं. जमलं तवा कागदाचा येक तुकडा जमला."

"मग त्यांना तुम्ही कधी सांगितलं नाही?"

"काय?"

"की तुम्हाला कळलं होतं."

"सांगितलं आसतं तर पुन्यांदा त्यो पिवळा घालावा लागला आसता त्यांला. खऱ्याचा मानूस."

पूड लावून झाली. काकूंनी कोट झटकला आणि ओसरीवर नेऊन खुंटीला अडकवला, पाठीची बाजू आपल्याकडे करून. मी निघायला उठलो होतो. त्यांनी खालच्या बटणापासून सुरुवात केली आणि एकेक करून वर गेल्या. कोट टांगलेला असल्यामुळे मानेजवळचं बटण त्यांच्या हाताला सहज येत होतं. तरी तिथे पोचल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि बोटाचं पेर कोटाच्या खांद्यावर दोनदा वाजवलं. मग बटण लावलं, कोट खालून ओढून बघितला आणि मला म्हणाल्या, "च्या टाकते. बसा वाईच."